शरद सरताना खाडीतील मासेमारी

नागपूरच्या उत्तरेला असलेले कोराडी ओळखले जाते ते महालक्ष्मी जगदंबेच्या मंदिरामुळे आणि औष्णिक वीज केंद्रामुळे. या गावाचा समुद्राशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तरीही कोराडी परिसरातील पाणी अखेर समुद्रालाच मिळते. ते कोलार नदीतून कामठीजवळ कन्हानमध्ये जाते. कन्हान वैनगंगेला मिळते, वैनगंगा व वर्धा यांच्या संगमातून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत विलीन होते. गोदावरीचा एक प्रवाह आंध्र प्रदेशात काकिनाड्याजवळ कोरिंगाच्या कांदळवनाला स्पर्श करून बंगालच्या उपसागरात शिरतो. नदी आणि समुद्र जेथे एकमेकांत मिसळतात ती जागा म्हणजे खाडी.

महाराष्ट्राला खाडी परिचित आहे ती कोकणामुळे. तेथे अश्विन संपून कार्तिक लागला, की खाडीतील मासेमारीचा एक वेगळा हंगाम सुरू होतो. मोठ्या ट्रॉलरची आणि खोल समुद्रातील मासळीची चर्चा नेहमी होते. होडी, पाग आणि गरी घेऊन काठालगत चालणाऱ्या या मासेमारीकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. वास्तविक समुद्रातील पुष्कळशा मासळीचे बालपण खाडीतच जाते. शरदाच्या अखेरीस ही वाढलेली पिले समुद्राकडे निघतात. त्या काही आठवड्यांत खाडीत काय घडते, यावर खाडीकाठच्या कुटुंबांची मिळकत आणि पुढच्या वर्षीची मासळी या दोन्ही गोष्टी अवलंबून असतात.

खाडी म्हणजे काय?

कोकणातील नद्या लांबीने लहान आहेत. सह्याद्रीच्या उतारावरून निघून त्या थोड्याच अंतरात अरबी समुद्राला मिळतात. मुखाजवळ त्यांची पात्रे रुंद होतात आणि भरतीचे पाणी बरेच किलोमीटर आत चढते. उल्हास नदीची वसई खाडी, अंबेची धरमतर, सावित्रीची बाणकोट, वाशिष्ठीची दाभोळ, शास्त्रीची जयगड, काजळीची भाट्ये, वाघोटणची विजयदुर्ग आणि अगदी दक्षिणेस गोव्याच्या सीमेवरील तेरेखोल या त्यांतील काही प्रमुख खाड्या होत. महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी अनेक वर्षे ७२० किलोमीटर सांगितली जात असे. अलीकडील अधिकृत मोजणीनुसार ती सुमारे ८७८ किलोमीटर भरते. किनारा वाढलेला नाही. त्याची वळणे आणि खाड्यांच्या मुखांचे बाक अधिक बारकाईने मोजले गेले, इतकेच.

खाडीच्या दोन्ही काठांवर चिखलाचे पट्टे असतात आणि त्यांवर कांदळवन वाढते. तिवर, चिपी, कांदळ या झाडांची मुळे चिखलाबाहेर डोकावतात किंवा कमानीसारखी पसरतात. भरतीच्या वेळी या मुळांच्या जाळीत पाणी शिरते. मोठ्या माशांना तेथे सहज शिरता येत नाही, त्यामुळे लहान जिवांना आसरा मिळतो. झाडांची पाने चिखलात पडून कुजतात, त्यांवर सूक्ष्म जीव वाढतात आणि कोळंबीची पिले ते खाऊन मोठी होतात. कांदळवनामागे असलेल्या, भरतीने भिजणाऱ्या सखल जमिनीला खाजण म्हणतात. या साऱ्या परिसरात पाण्याचा खारेपणा दिवसातून दोनदा बदलतो. असा बदल सोसू शकणारे जीवच येथे टिकतात.

पावसानंतरचे पाणी

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आषाढ-श्रावणात डोंगरावरून येणाऱ्या लोंढ्यामुळे खाडीच्या वरच्या भागातील पाणी जवळजवळ गोडे होते. ते गढूळ असते आणि त्याला वेगही फार असतो. गणपतीनंतर पाऊस ओसरू लागतो, नद्यांचा जोर कमी होतो आणि समुद्राचे खारे पाणी पुन्हा आत सरकू लागते. खारे पाणी जड असल्याने ते प्रथम तळाशी शिरते आणि वर गोडे पाणी तरंगत राहते. कार्तिकापर्यंत दोन्ही थर बरेच मिसळतात, गाळ खाली बसतो आणि पाणी निवळते.

या बदलाबरोबर मासळीही जागा बदलते. पावसात मुखाकडे ढकलले गेलेले खारेपाण्याचे मासे वर येतात, तर गोड्या पाण्याला सरावलेले जीव नदीच्या दिशेने मागे हटतात. पावसाळ्यात खाडीत शिरलेली पिले तोपर्यंत बोटभर किंवा त्याहून मोठी झालेली असतात. थंडी पडू लागते, वारा पडलेला असतो आणि लहान होडी निर्धास्तपणे बाहेर काढता येते. शरदाच्या अखेरचा काळ खाडीच्या मासेमारीला अनुकूल ठरतो तो या कारणांमुळे.

तिथीचे गणित

खाडीतील मच्छीमार घड्याळाइतकेच पंचांगही पाहतो. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते आणि तिची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते. ही वेळ काढण्याची एक सोपी रीत मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. त्रिपुरी पौर्णिमेच्या दिवशी पहाटे आणि संध्याकाळी चिखलपट्टे उघडे पडणार, हे या हिशेबाने कोणालाही सांगता येते. प्रत्येक खाडीत मुखापासूनच्या अंतराप्रमाणे ही वेळ थोडी मागेपुढे होते. तो फरक स्थानिकांना अनुभवाने ठाऊक असतो.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात, तर अष्टमीच्या आसपासच्या मंद पाण्याला भांग. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणात पाण्याची पातळी साडेचार मीटरच्याही वर जाते. दक्षिणेकडे सिंधुदुर्गात हा चढउतार बराच कमी असतो. उधाणात प्रवाह जोराचा असल्याने प्रवाहाच्या बळावर चालणारी जाळी तेव्हा लावतात. भांगाच्या दिवसांत पाणी संथ आणि स्वच्छ राहते, तेव्हा गरीने मासे पकडणे सोयीचे जाते.

जाळी आणि साधने

खाडीतील साधने लहान असली तरी प्रत्येकामागे पाण्याचा नेमका अभ्यास असतो. पाग म्हणजे कडेला शिशाचे मणी ओवलेले गोल जाळे. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून किंवा होडीच्या नाळेवरून ते असे फेकतात, की हवेतच ते छत्रीसारखे उघडते. पाण्यात पडताच कडा बुडतात आणि खालची मासळी आत अडकते. बोईचे थवे काठाला येतात तेव्हा पाग उपयोगी पडतो.

दुसरा प्रकार डोलीचा. लांब शंकूसारखे हे जाळे खुंटांना बांधून त्याचे तोंड प्रवाहाकडे ठेवतात. पाण्याबरोबर वाहत येणारी कोळंबी, जवळा आणि लहान मासे टोकाच्या खोळीत जमतात. पाणी थांबले, की जाळे उचलायचे आणि प्रवाह उलटला, की त्याचे तोंड फिरवायचे. याच्या लहान प्रकाराला काही भागांत बोकशी म्हणतात. काही ठिकाणी पूर्ण भरतीच्या वेळी खाजणाच्या तोंडाशी खुंट रोवून जाळ्याची भिंत उभी करतात आणि ओहोटीत परतणारी मासळी अडवतात. पाण्यात पडद्यासारखे सोडलेले आणि माशाचा कल्ला अडकवणारे जाळेही सर्रास वापरले जाते. त्याच्या आसाचा आकार ठरलेला असल्याने विशिष्ट मापाचेच मासे त्यात सापडतात.

चिंबोरी पकडण्याची तऱ्हा वेगळी आहे. लोखंडी कड्याला जाळे बांधून मध्ये आमिष ठेवतात आणि ते दोरीने तळाशी सोडतात. ठराविक वेळाने दोरी वर ओढली, की आमिषाला चिकटलेली चिंबोरी वर येते. ओहोटीला कांदळवनातील बिळांत लोखंडी आकडी घालूनही ती काढतात. बिळाच्या तोंडावरील चिखल ताजा आहे की सुकलेला, यावरून आत चिंबोरी आहे की नाही हे ओळखता येते.

या हंगामातील मासळी

कोळंबी हे खाडीचे खरे धन. तिच्या बहुतेक सागरी जातींची मादी समुद्रात अंडी घालते. अतिसूक्ष्म पिले प्रवाहाबरोबर खाडीत येतात, काही महिने कांदळवनाच्या आसऱ्याने वाढतात आणि पूर्ण वाढ होण्यापूर्वी पुन्हा समुद्राकडे जातात. उधाणाच्या ओहोटीला रात्री ती मोठ्या संख्येने बाहेर पडते. खाडीतील डोलीत जी सापडते ती ही प्रवासाला निघालेली कोळंबी. तेथून निसटलेली कोळंबी पुढे समुद्रात मोठी होऊन ट्रॉलरच्या जाळ्यात येते. म्हणजे खाडीतला छोटा मच्छीमार आणि समुद्रातला मोठा नौकामालक एकाच पिकावर अवलंबून असतात.

जिताडा हा खाडीचा मानाचा मासा. रायगड जिल्ह्यातील पेण-अलिबागच्या खारेपाटात त्याची पिले शेततळ्यांत सोडून वाढवण्याची जुनी पद्धत आहे. लग्नकार्याला जिताडा, जावयाला जिताडा, अशी त्याची प्रतिष्ठा. या माशाचे एक वैशिष्ट्य असे, की तो आयुष्याच्या पूर्वार्धात नर असतो आणि काही वर्षांनी, आकाराने मोठा झाल्यावर त्याची मादी होते. त्यामुळे मोठे जिताडे सातत्याने पकडले गेले तर अंडी घालणाऱ्या माद्याच कमी होतात, आणि लहान पकडले गेले तर माद्या तयारच होत नाहीत.

बोई, शिंगाळा, तांबोशी, मुडदुशी आणि दक्षिणेकडील खाड्यांत काळुंदर ही या काळातली नेहमीची मासळी. चिखलावर उड्या मारणारे निवटे ठाणे खाडीच्या परिसरात आवडीने खाल्ले जातात. चिंबोरी अमावास्येच्या सुमारास भरलेली मिळते आणि पौर्णिमेला पोकळ निघते, असा कोकणात सर्वत्र समज आहे. शास्त्र सांगते ते इतके, की कात टाकल्यानंतर काही दिवस चिंबोरीच्या कवचात मांसापेक्षा पाणी अधिक असते. अंड्यांवर आलेली मादी अंडी सोडण्यासाठी खाडीतून समुद्राकडे जाते. तिला वाटेत पकडणे म्हणजे पुढच्या हजारो चिंबोऱ्या गमावणे होय.

खाडीकाठची माणसे

उत्तर कोकणात कोळी, रत्नागिरीत खारवी आणि दालदी, सिंधुदुर्गात गाबीत, तर नद्या-खाड्यांच्या आतल्या भागांत भोई असे अनेक समाज या व्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आगरी शेतकरी भातकापणीच्या आगेमागे खाडीत उतरतो आणि कातकरी कुटुंबेही तेथून आपले कालवण मिळवतात. विदर्भात तलाव आणि नद्यांवर ढीवर समाजाचे जे नाते आहे, तेच येथे खाडीशी या समाजांचे आहे.

या कामातील स्त्रियांचा वाटा नोंदींत क्वचितच दिसतो. खडकावरची कालवे कोयतीने फोडून काढणे, ओहोटीला वाळूत बसून तिसऱ्या आणि खुबे वेचणे, हे काम बहुधा बायकाच करतात. रत्नागिरीजवळ भाट्ये आणि काळबादेवी येथे ओहोटीच्या वेळी असे गट नेहमी दिसतात. त्यांच्याकडे नौका नसते आणि परवाना नसतो. परिणामी खाडी बिघडली आणि भरपाईचा प्रश्न निघाला, तर आपण येथे मासेमारी करत होतो हे सिद्ध करणे त्यांना सर्वांत अवघड जाते.

कायदा आणि खाडीचे भवितव्य

महाराष्ट्रात सागरी मासेमारीचे नियमन १९८१ च्या कायद्याने होते आणि त्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना बंदी असते. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्या तिच्यातून वगळलेल्या आहेत. राज्य शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासळी पकडू नये आणि विकू नये, हा त्यामागील उद्देश. बारीक आसाच्या डोलीत पिलेही येतात, म्हणून हा नियम खाडीत पाळणे कठीण असले तरी त्याची गरज तेथेच सर्वाधिक आहे.

कांदळवनाबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तोडीवर राज्यभर बंदी घालणारा आदेश दिला. २०१८ च्या निकालात कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरील आघात असल्याचे न्यायालयाने म्हटले. २०१२ मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. खेकडापालन, कालवपालन आणि पिंजऱ्यातील मत्स्यपालन यांसाठी किनारी गावांना साहाय्य देणारी योजना त्यानंतर आली. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

असे असले तरी भराव, बंदरे, पूल आणि कारखान्यांचे सांडपाणी यांचा ताण सर्वप्रथम खाडीवरच येतो. खोल समुद्रात जाणारा नौकामालक जागा बदलू शकतो, पागवाल्याला ती सोय नसते. लोटे-परशुराम औद्योगिक क्षेत्राच्या सांडपाण्याबाबत दाभोळ खाडीतील भोई मच्छीमारांनी अनेक वर्षे तक्रारी केल्या आहेत. उरण परिसरात बंदराच्या विस्तारामुळे कांदळवन आणि मासेमारीची जागा गेल्याच्या तक्रारीवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. तरीही खाडी ही रिकामी जागा नसून ती कोणाची तरी उपजीविका आहे, ही गोष्ट त्या आदेशाने कागदावर आणली.

पूर्वेकडील खाडी आणि कोराडी

विदर्भाचे पाणी ज्या खाड्यांना मिळते तेथील कार्तिक कोकणासारखा नसतो. कोकणात या सुमारास आकाश निवळते, तर आंध्रच्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पावसाचे आणि चक्रीवादळांचे हे दिवस असतात. तेथील भरतीचा चढउतारही मुंबईच्या मानाने फारच लहान. मासेमारीची बंदी तेथे १५ एप्रिल ते १४ जून अशी असते. मात्र खाडीचे मूळ कार्य दोन्हीकडे सारखेच आहे. कोरिंगाच्या कांदळवनातही कोळंबीची आणि माशांची पिले वाढतात आणि गोदावरीचे गोडे पाणी व गाळ त्यांना लागतो. पावसाळ्यात समुद्रातून गोदावरीत चढणारा पुलसा मासा हा त्याच व्यवस्थेचा भाग आहे.

जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी आसपासच्या परिसरात आणि नदीत पसरले. ती राख समुद्रापर्यंत पोहोचते की नाही, हा प्रश्न वेगळा. वाटेत गोसेखुर्दसारखी धरणे आहेत आणि अंतर फार मोठे आहे. परंतु वरच्या अंगाला पाण्याचे जे केले जाते त्याचा पहिला फटका काठावर जाळे टाकणाऱ्याला बसतो, हा नियम कन्हानच्या ढीवराला लागू आहे आणि दाभोळच्या भोयालाही.

शहरातील ग्राहकाच्या हाती थोडे तरी आहे. नागपूरच्या बाजारात बर्फातून येणारी कोळंबी बऱ्याचदा आंध्रातील तळ्यांतली असते, तर काही खाडी-समुद्रातली. ती कोठून आली, हे विक्रेत्याला विचारता येते. पोटाखाली अंडी असलेली चिंबोरी आणि बोटभर जिताडा यांना मागणीच राहिली नाही, तर ते पकडण्याचे कारणही उरत नाही. थंडीच्या तोंडावर खाडीतून समुद्राकडे निघालेल्या मासळीपैकी काही वाटेत निसटावी लागते. जी निसटते तिच्यापासूनच पुढच्या वर्षीचा हंगाम तयार होतो.